चोजूच्या पिल्लाचं बारसं

वादळ सरून गेलं त्या सकाळी मकातो अंगणात आडव्या पडलेल्या पपईच्या झाडाला शिव्या घालत होती. इतकी वर्षं पाणी पिऊन माजलास आणि एका वाऱ्यात लोळलास होय रे, असं तिचं चाललं होतं. एकट्या बाईला भांडायला कुणीतरी लागतंच. तेवढ्यात फाटकाशी चोजूची सून त्सुनेको येऊन उभी राहिली. हातात टॉवेलाची गुंडाळी होती, आणि ती गुंडाळी कुईकुई करत होती.

चोजूचं घर म्हणजे मधली पोवळ्याच्या दगडांची भिंत ओलांडली की झालं. पण सेइकी, म्हणजे मकातोचा नवरा, वारल्यापासून त्या घरचं चिटपाखरूही या फाटकातून आत आलं नव्हतं.

"काकी, पिल्लू अडकलंय," त्सुनेको म्हणाली. "कालपासून अंड्यातून ओरडतंय. खुराड्याचं छप्पर पडलं, म्हातारा कोंबडा गेला, अंड्यावर बसलेली कोंबडीही गेली. एवढं एकच उरलंय."

"मग मी काय करू? फुलं वाहू?"

"मामंजी म्हणाले, तुमच्या हाताला यश आहे."

"मामंजींना स्वतःला यायला पाय नाहीत वाटतं?"

त्सुनेकोनं नुसतं मागे पाहिलं. फाटकाबाहेरच्या फुकुगीच्या झाडामागून एक टक्कल अर्धं बाहेर डोकावत होतं. वादळानं झाडाची पानं झोडपून काढली होती, त्यामुळे लपायला जागा बेताचीच उरली होती.

चोजूला स्वतः ते अंडं फोडता येत नव्हतं, म्हणून तो तिथं उभा होता. उएबारू गावात गाणारे चान कोंबडे पाळणाऱ्यांचा तसा रिवाजच आहे. आपल्या घरच्या अंड्याचं टरफल आपण फोडायचं नाही. फोडलं तर त्या कुळीचा श्वास आखूड होतो. पिल्लू अडकलं तर परक्या घरचा हात बोलवायचा, आणि ज्या हातानं टरफल उघडलं त्याच हातानं सातव्या दिवशी मालकाच्या घरी जाऊन, चुलीच्या देवासमोर, पिल्लाचं नाव ठेवायचं. चुलीनं एकदा ऐकलेलं नाव कुणाच्या बापाला बदलता येत नाही. गाण्याच्या स्पर्धेच्या मैदानातही त्याच नावानं पुकारा होतो.

मकातोनं गुंडाळी उघडली. अंड्याला वरच्या बाजूला डाळीएवढं भोक होतं आणि त्यातून चोचीचं टोक दिसत होतं. आतला पापुद्रा वाळून कातड्यासारखा झाला होता. पिल्लाला ना मागे सरकता येत होतं ना पुढे. अंडं तिच्या मुठीत मावत होतं. मूठ जरा आवळली असती तर चोजूच्या कुळीचा निकाल तिथंच लागला असता, आणि तिला ती आवळायची होती. खोटं कशाला सांगा, बोटं वळलीही होती.

कारण ही कुळी चोजूची नव्हतीच. ती सेइकीची होती. चान कोंबडा नुसता आरवत नाही. तो आधी सूर उचलतो, मग लांब ओढतो, मग गप्प होतो, इतका की नवख्याला वाटावं संपलं. आणि मग एकच तुटक सूर टाकतो. तो शेवटचा तुकडा नसेल तर बाकीचं गाणं रश्शात घालायच्या लायकीचं. सेइकीच्या कोंबड्यासारखा तो तुकडा पंचक्रोशीत कुणाचा पडत नव्हता. चोजू तेव्हा जिवलग मित्र. त्यानं कोंबडा आपल्या माद्यांसाठी मागितला, सेइकीनं काखेतून काढून दिला. परत आला तेव्हा त्याच्या गळ्यातून नुसती घरघर येत होती. आणि पुढच्या वर्षी चोजूच्या अंगणात त्याच कोंबड्याची पोरं गाऊ लागली, चोजूच्या नावानं.

सेइकी गावच्या बैठकीत बोलला. म्हणाला, यानं माझ्या पक्ष्याचा गळा घालवला. चोजू म्हणाला, म्हातारा झाला होता पक्षी, मित्रावर असा आळ घेतोस? लोकांनी चोजूची री ओढली. पुरावा नाही तर माफी माग, म्हणाले. सेइकीनं चटईला कपाळ टेकवून माफी मागितली. त्यानंतर तो बैठकीला गेला नाही, मैदानात गेला नाही, आवामोरी दारूच्या बाटलीशिवाय कुणाकडे बघितलं नाही, आणि हिवाळ्यात गेला. गेला तो खोटारडा म्हणून.

कोंबडा त्याच्या मागोमाग मेला. मकातोनं एकटीनं बसून त्याचा गळा उभा चिरून पाहिला. टाळूपासून खालपर्यंत भाजल्याचा पांढरा चट्टा होता. गरम पाण्यानं असं होत नाही, पाणी वाहून जातं. चुलीवरून थेट काढलेलं रताळं मात्र चिकटून बसतं, आणि कोंबडा हावरट, आतला चटका कळेपर्यंत गिळून मोकळा होतो. तिनं तो गळा पपईखाली पुरला आणि तोंड शिवून घेतलं. कोंबड्याचा गळा हातात धरून बैठकीत उभ्या राहिलेल्या विधवेचं कुणी ऐकलं नसतं.

आता ते सगळं तिच्या मुठीत कुईकुई करत होतं. मेलं तर काय होईल? चोजू चार दिवस रडेल, लोक सांत्वनाला येतील, डुकराचं मटण आणतील. सेइकीची कुळी मात्र कायमची बुडेल आणि सेइकी खोटारडा तो खोटारडाच राहील. तिची बोटं सैल पडली. आणि मग तिला सातवा दिवस आठवला. चूल आठवली.

"भाऊजी!" ती फुकुगीकडे बघून ओरडली. "रिवाज माहीत आहे ना? नाव मी ठेवणार!"

झाडामागून घसा खाकरल्याचा आवाज आला. "ठेव, वहिनी. सेइकीचं नाव दिलंस तरी माझी ना नाही."

म्हणजे त्यानं हिशेब करूनच सुनेला पाठवलं होतं. सेइकीचं नाव गिळून पक्षी वाचत असेल तर तेवढं गिळायची त्याची तयारी होती. मोठ्या मनाचा माणूस म्हणून वर कौतुकही झालं असतं.

"पाणी तापव," घरात शिरत ती त्सुनेकोला म्हणाली. "अंगाला लावून बघ, कोमट हवं. आणि ते दार लाव, वारा येतोय."

तिनं कोंबडीचं पीस कोमट पाण्यात बुडवून वाळलेल्या पापुद्र्यावर फिरवायला सुरुवात केली. जरा फिरवायचं, थांबायचं. मग नखानं टरफलाचा एक कपचा उचलायचा, परत थांबायचं. पापुद्र्यात लाल रेघ दिसली की हात काढून घ्यायचा, कारण त्या रेघेत अजून पिल्लाचं रक्त असतं. ते त्यानं आत ओढून घेईपर्यंत वाट पाहण्याखेरीज इलाज नसतो. घाईनं सोललं तर पिल्लू बाहेर येतं आणि मरतं.

"जग, मुडद्या," ती अंड्याशी पुटपुटत होती. "तुझा मालक मेला तर मी साखर वाटीन, पण तू मरायचं नाहीस. तुझ्यावाचून त्याचं नाक कोण कापणार?"

"काकी, असं बोलू नये लहान जिवाशी," त्सुनेको घाबरून म्हणाली.

"त्याला कळतं कुठे. त्याला आवाज हवा असतो, शब्द कुठलेही असोत."

दुपार झाली. पिल्लाचा आवाज बारीक होत गेला, मग थांबलाच. मकातोनं अंडं कानाला लावलं. काहीच नाही. तिनं तोंड भोकाशी नेऊन हळूच ऊब फुंकली, नखानं टरफलावर टकटक केलं, जशी आई चोचीनं करते. पुन्हा फुंकली. त्सुनेको रडायच्या बेतात आली. आणि आतून एक कुई आली, रागावल्यासारखी.

"अस्सं," मकातो म्हणाली. "राग आहे ना? मग जगशील."

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तेव्हा पापुद्र्यातल्या रेघा फिक्या पडल्या होत्या. तिनं टरफलाची टोपी गोल उचलली. पिल्लानं एक लाथ झाडली, मग दुसरी, आणि ते तिच्या तळहातावर सांडलं. ओलं, चिकट, मान लुळी, पाहवत नव्हतं इतकं कुरूप. बेंबी अजून ओली होती. एक पाय इकडे, एक तिकडे फाकलेला.

"हे उभं राहील?" त्सुनेकोनं विचारलं.

"राहील. नाही राहिलं तर मी सोडणार नाही. जा घरी. सासऱ्याला सांग, पिल्लू सात दिवस इथंच राहील."

ते सात दिवस मकातोनं कुठली बाई पोटच्या पोरासाठी करणार नाही ते केलं. वादळात गेलेली वीज आलीच नव्हती, दिव्याची ऊब देता येईना, म्हणून तिनं पिल्लाला जुन्या चिंध्यांत गुंडाळून छातीशी बांधलं. स्वयंपाक तसाच, केर तसाच, पपईचं झाड तोडणंही तसंच. फाकलेले पाय सुताच्या धाग्यानं एकमेकांना सैल बांधले, मध्ये बोटभर अंतर ठेवून. पिल्लू आपटायचं, ती उभं करायची, ते परत आपटायचं. चोच पाण्यात बुडवून प्यायला शिकवलं. उकडलेल्या अंड्याचा बलक चिमटीत कुस्करून फळीवर टाकला आणि नखानं ठोकत बसली, खा, खा. त्यानं पहिली चोच फळीवर न मारता तिच्या नखावर मारली. दुखलं. तिला भलता आनंद झाला.

आणि सगळा वेळ ती त्याला चोजूच्या गोष्टी सांगत होती. कसा काखेतून कोंबडा घेऊन गेला. कसं बैठकीत हात चोळत उभा राहिला. सेइकीचं कपाळ चटईला टेकलं तेव्हा कसा म्हणाला, जाऊ दे, मी मनात ठेवत नाही. पिल्लू तिच्या गळपट्टीतून डोकं काढून ऐकायचं आणि झोपी जायचं. सूड एवढा ऊबदार असतो हे तिला तोवर माहीत नव्हतं.

सातव्या दिवशी धागा सोडला तेव्हा पिल्लू चटईवर सरळ चाललं. तिच्याकडे चाललं.

चोजूच्या स्वयंपाकघरात शेजारीपाजारी जमले होते. कारल्याची भाजी, टोफू, मटण, आवामोरी, सगळा थाट होता. चोजूनं नवा सदरा घातला होता. चुलीच्या देवापुढे उदबत्ती लावली गेली. मकातोनं पिल्लू ओंजळीत धरलं आणि चुलीसमोर गुडघे टेकले.

"ऐका देवा," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "या घरच्या पिल्लाचं टरफल मी उघडलं. याचं नाव गरम रताळं."

अख्खं स्वयंपाकघर फिस्सकन हसलं.

"मकातोकाकी, म्हातारचळ लागला का ग?" कुणीतरी म्हणालं. "गाणाऱ्या पक्ष्याचं असं नाव?"

"भूक लागली असेल बिचारीला. वाढा तिला आधी."

एकटा चोजू हसला नाही. त्याच्या हातातला पेला कलला आणि आवामोरी नव्या सदऱ्यावर सांडली. त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, पोराला नाही. तो मकातोकडे बघत राहिला आणि ती त्याच्याकडे, आणि मधे पिल्लू चिवचिवत होतं.

"काय झालं, भाऊजी?" तिनं गोड आवाजात विचारलं. "नाव आवडलं नाही? काही वेगळा अर्थ लागतो का तुम्हाला?"

"नाही," चोजू म्हणाला. "चांगलं आहे."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही.

पिल्लू त्या घरी राहिलं आणि मकातो भिंतीच्या अलीकडे. पहिले काही दिवस ते ओरडायचं ते तिला ऐकू यायचं. ती मोरीतला नळ सोडून ठेवायची. कोंबडी निघाली तर, हा विचारही तिनं करून ठेवला होता. कोंबडीलाही नावानं हाक मारावीच लागते. पण निघाला कोंबडाच, ताठ मानेचा, काळ्या शेपटीचा.

त्याच्या नावानं चोजूची झोप उडवली. शाळेची पोरं जाता-येता भिंतीवरून ओरडायची, "गरम रताळं आहे का घरात?" दुकानात बाया विचारायच्या, "चोजूकाका, रताळं कसं आहे? निवलं का?" कुणाच्या मनात काही नसायचं, गंमत म्हणून विचारायचे. उएबारूत रताळ्याशिवाय दिवस जात नाही, पण चोजूनं रताळं खाणं सोडलं, आणि त्याचीही गंमत झाली. त्याचा सदरा अंगावर लोंबायला लागला. मकातो भिंतीपलीकडून हे सगळं बघायची आणि तिला दोन घास जास्त जायचे.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी चोजू आला. या वेळी फाटकातून, एकटा.

"वहिनी, नाव बदल. मी पाया पडतो."

"चुलीनं ऐकलंय. माझ्या हातात काय आहे?"

"मग मी काय करू?"

"लोक विचारतात ना, असं नाव का म्हणून? सांगून टाक. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. आता तिसऱ्याला कळू दे."

"सेइकी आता नाही. कुणाला उपयोग त्याचा?"

मकातो उठली. "त्याचं कपाळ मी धुतलं होतं, चोजू. मेल्यावर. चटईच्या काड्या रुतल्याची खूण कधीच गेली होती, पण मला ती तिथंच दिसत होती. मला उपयोग आहे. जा."

मैदानात सकाळी माणसांची दाटी होती. पुकारा करणारा नाहा शहरातून आलेला तरणा माणूस होता, त्याला उएबारूचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं माइकवर नाव वाचलं आणि थबकला.

"योनामिने घराण्यातल्या चोजू यांचा... गरम रताळं! काका, बारशाला उपाशी होतात काय?"

मैदान हसलं. चोजूनं पिंजऱ्यावरचं कापड काढलं. कोंबड्यानं पंख झटकले, मान उंच केली आणि सूर उचलला. तो ओढत गेला, ओढत गेला, आणि गप्प झाला. हसणारे लोकही गप्प झाले. आणि मग शेवटचा तुकडा पडला.

पुढच्या ओळीत बसलेला म्हातारा काठी टेकून उभा राहिला. बैठकीत सेइकीला माफी माग म्हणणाऱ्यांतला तो पहिला. "हा तर सेइकीच्या कोंबड्याचा आवाज," तो म्हणाला. "हुबेहूब तोच."

पहिला नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचा प्रश्नच नव्हता. पुकारेवाल्यानं माइक चोजूच्या तोंडाशी धरला. "काका, आता तरी सांगा. हे नाव कसं पडलं?"

चोजूनं गर्दीत मकातोला शोधलं. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत.

"याच्या आजोबाला मी गरम रताळं चारलं होतं," चोजू म्हणाला. तो हळूच बोलला, पण माइकला हळूचं काय. "सेइकीचा पक्षी होता तो. त्यानं परत गाऊ नये म्हणून चारलं. सेइकी खरं बोलत होता."

काठीवाला म्हातारा खाली बसला आणि त्यानं चेहरा हातांत लपवला.

अशा वेळी म्हणे मनातला राग विरघळतो आणि शत्रूची कीव येते. मकातोला तसलं काही झालं नाही. तिच्या पोटात असा थंडावा पडला की तिला गावंसं वाटलं. तिनं चोजूच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं आणि मनात म्हणाली, सेइकी, बघ. आणि पुन्हा म्हणाली, बघ.

चोजू पिंजरा उचलून गर्दीतून वाट काढत तिच्यापुढे आला आणि त्यानं तो तिच्या पायाशी ठेवला. कोंबड्यानं तिला पाहिलं. मान तिरकी केली, गजांतून चोच बाहेर काढली आणि पिल्लासारखा बारीक आवाज काढला, एवढा मोठा कोंबडा असून.

"घे, वहिनी. तुझा आहे. आधीपासून तुझाच."

मकातोचा हात पुढे गेला. याच्यासाठी ती छातीशी चिंध्या बांधून फिरली होती, याला तिनं उभं राहायला शिकवलं होतं. तिच्या रिकाम्या अंगणात पहाटे हा गायला असता तर तिला आणखी काही नको होतं.

तिनं हात मागे घेतला.

"नको, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्याकडेच राहू दे. अजून पुष्कळ वर्षं गाईल तो. रोज पहाटे उठून ऐकत जा."

ती उठली आणि निघाली. मागे कोंबडा ओरडत राहिला, पंख पिंजऱ्यावर आपटत राहिला. लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते. रस्त्याला लागेपर्यंत तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं होतं, पण तिनं मागे वळून पाहिलं नाही, कारण चोजू अजून तिकडे बघत असणार होता.